माशीच्या पोटात मुद्देमाल सापडला, पण गुन्हा सिद्ध झाला का?

कुत्र्याच्या नाहीतर गुराच्या अंगावर कधीकधी एक चपटी तपकिरी माशी दिसते बघा, केसांतून खेकड्यासारखी आडवीतिडवी पळते, पकडून दोन बोटांत कितीही दाबली तरी मरत नाही, सोडली की पुन्हा केसांत गायब. हरणांवर तिचीच चुलत बहीण असते, तिला डियर केड म्हणतात, शास्त्रीय नाव लिपोप्टेना सर्वी. आहे माशीच, पण बघणारे तिला बहुतेक वेळा गोचीड समजतात कारण तिला पंख दिसत नाहीत. पंख असतात खरं तर, पण ते एकदाच वापरायचे. कोषातून बाहेर पडली की उडते, हरीण सापडलं की अंगावर उतरते आणि पंख बुडापासून मोडून टाकते, कायमचे. मग पुढचं सगळं आयुष्य त्याच केसांत, रक्त पीत. आणि डासांसारखं नाही हां, इथे नर पण रक्त पितो.

चुकून माणसावर उतरली तरी बऱ्याचदा पंख टाकूनच मोकळी होते. म्हणजे तिचा डाव तिथेच संपला, माणसावर तिची वीण होत नाही. पण जाता जाता चावते. चावताना फारसं कळत नाही, नंतर मात्र गाठी येतात आणि खाज आठवडेच्या आठवडे, काहींना महिनेसुद्धा जात नाही. फिनलंडमध्ये जंगलात काम करणाऱ्या लोकांना याचा इतका त्रास झाला की तिथल्या डॉक्टरांनी त्याची वेगळा त्वचारोग म्हणून नोंद केली.

आता मुद्द्यावर येतो. पाळलेल्या हरणांच्या अंगावरच्या अशा माश्या, गोचिडी, उवा गोळा करायच्या आणि त्यांच्यात रोगाचे कुठले बॅक्टेरिया आहेत ते तपासायचं, असे अभ्यास होत असतात, आणि त्यातलं काही बाहेर आलं की बातमी होते 'माशीत अमुक रोगाचे जंतू सापडले'. लोक लगेच घाबरतात. पण तपासतात कसं ते बघा. माशी अल्कोहोलमध्ये टाकतात, नंतर ठेचतात, पूर्ण माशी, डोकं पोट पाय सगळं, त्यातून डीएनए काढतात आणि पीसीआर करून एखाद्या बॅक्टेरियाच्या डीएनएचा तुकडा आहे का ते बघतात. (कोविडच्या काळात सगळ्यांना तोंडपाठ झालेलं तेच पीसीआर.) आता माशीच्या पोटात काय भरलेलं असतं? हरणाचं रक्त! हरणाच्या रक्तात जंतू असेल तर तो माशीच्या पोटातही सापडणारच, त्यात माशीची करामत काहीच नाही. मुद्देमाल सापडला एवढंच, गुन्हा सिद्ध करायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. माशीने जंतू आजारी जनावराकडून उचलला, तो तिच्या शरीरात जिवंत टिकला, आणि पुढच्या निरोगी जनावराला तिने तो दिला. पीसीआर यातल्या पहिल्या पायरीच्या आसपास येऊन थांबते.

लाइम रोगाचं, म्हणजे गोचीड चावल्याने माणसाला होणाऱ्या एका आजाराचं, उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात डियर केडमध्ये लाइमचा बोरेलिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा या दोन्ही बॅक्टेरियांचा डीएनए मिळाला, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ऐकायला भयंकर वाटतं. पण गंमत अशी की हरीण हे बोरेलियासाठी अगदी वाईट घर आहे. हरणाच्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची जी प्रथिनं असतात ती या बोरेलियाला मारूनच टाकतात. त्याचा खरा साठा उंदरांत असतो, अमेरिकेत विशेष करून पांढऱ्या पायाच्या उंदरात. गोचिडीचं पिल्लू उंदराचं रक्त पिऊन जंतू घेतं, पुढच्या अवस्थेत खसखशीच्या दाण्याएवढं होऊन माणसाला चिकटतं आणि माणसाला आजार देतं. मग हरणाचा संबंध कुठे? तर मोठ्या गोचिडी हरणावर जेवतात, तिथेच त्यांचं मीलन होतं, आणि पोट भरलेली एक मादी खाली पडून दोनेक हजार अंडी घालते. म्हणजे हरीण जंतू नाही वाढवत, गोचिडी वाढवतं. आणि मेलेल्या जंतूचा डीएनए सुद्धा टेस्टमध्ये पॉझिटिव्हच दाखवतो, टेस्टला काय कळणार जंतू जिवंत होता का मेलेला.

अ‍ॅनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम हे वेगळंच प्रकरण. हा बॅक्टेरिया पांढऱ्या पेशींमध्ये घुसतो, त्यातही न्यूट्रोफिलमध्ये, म्हणजे ज्या पेशीचं कामच जंतू गिळून मारणं आहे त्याच पेशीत हा संसार थाटतो. न्यूट्रोफिल तशी अल्पायुषी, पण हा तिचं मरण लांबवतो आणि आत फुगीर पिशवीत वाढत राहतो. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघितला तर पेशीत निळसर जांभळा ठिपक्यांचा पुंजका दिसतो, तुतीच्या फळासारखा, म्हणून त्याला मोरुला म्हणतात. हरणं हा जंतू घेऊन आरामात चरत असतात, बघून काही कळत नाही. माणसाला झाला तर ताप, थंडी, अंगदुखी, डोकेदुखी, आणि डॉक्सीसायक्लिन वेळेवर दिलं की माणूस सहसा लवकर बरा होतो. माणसातले पहिले रुग्ण १९९४ मध्ये नोंदले गेले, अमेरिकेतच. पसरवणारी मात्र गोचीड, हे पक्कं माहीत आहे. केडच्या पोटात त्याचा डीएनए मिळाला तरी ही माशी एकदा चिकटली की सहसा त्याच हरणावर राहते, मग पसरवणार कुणाला हा प्रश्न उरतोच.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो तो बार्टोनेला नावाचा बॅक्टेरिया. या घराण्याचा इतिहास मोठा आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना जो ट्रेंच फीवर व्हायचा तो बार्टोनेला क्विंटानामुळे, अंगावरच्या उवांतून. ऊ चावून तो जंतू देते असंही नाही, तिची विष्ठा त्वचेवर पडते, माणूस खाजवतो आणि नखाने स्वतःच जंतू आत ढकलतो. क्विंटाना म्हणजे पाचवा, कारण ताप दर पाचव्या दिवशी उलटायचा. मांजराने ओरबाडल्यावर होणारा आजार हा पण याच घराण्यातला, तिथे पिसवा. मेंढ्यांवरच्या केडचा बार्टोनेला वेगळा आहे आणि हरणांचा आणखी वेगळा. जर्मनीत ट्युबिंगेनजवळ शोनबुख नावाचं जंगल आहे, तिथल्या रो डियर जातीच्या हरणांच्या रक्तात तो मिळाला म्हणून २००१ मध्ये त्याचं नाव ठेवलं बार्टोनेला शोनबुखेन्सिस. २००४ मध्ये तोच डियर केडच्या आतड्यात सापडला आणि संशोधकांनी शंका घेतली की केड चावल्यावर माणसाला येणाऱ्या त्या हट्टी गाठींमागे हाच असावा.

हा जंतू लाल पेशीच्या आत जाऊन बसतो, पेशी फोडत नाही, गुपचूप राहतो, आणि रक्त पिणाऱ्याची वाट बघतो. आता इथे केडचं बाळंतपण कसं असतं ते बघायला लागेल. ही माशी अंडी घालतच नाही! एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, पोटातल्याच ग्रंथींमधून तिला दुधासारखा रस पाजते, आणि पूर्ण वाढलेली अळी बाहेर टाकते, ती लगेच काळी टणक होऊन कोष बनते आणि हरणाच्या अंगावरून खाली घरंगळते. आफ्रिकेतली त्सेत्से माशी हिच्या नात्यातली, तिचंही असंच. युरोपात अशा कोषांमध्ये आणि एकदाही रक्त न प्यायलेल्या पंखवाल्या माश्यांमध्येही बार्टोनेलाचा डीएनए मिळाला आहे. म्हणजे तो हरणाच्या रक्तातून आलेला नाही, आईकडून आलेला. इथे मात्र मुद्देमाल नुसता पोटात नाही, वारसाहक्काने आलेला आहे. पण तरी जपून, कारण नुसत्या रक्तावर जगणाऱ्या किड्यांना बी जीवनसत्त्वं पुरत नाहीत म्हणून ते ती बनवणारे बॅक्टेरिया स्वतःच्या शरीरात पाळतात, केडमध्ये आर्सेनोफोनस नावाचा असतो आणि तोही आईकडूनच मिळतो, आणि कुणी केडमधले सगळेच बॅक्टेरिया मोजायला गेलं तर ढिगाने हाच निघतो आणि त्याचा रोगाशी काही संबंध नाही. आईकडून आला म्हणजे रोगाचाच असला पाहिजे असं नाही.

मग पाळलेल्या हरणांचंच एवढं काय? जंगलात कोष जिथे पडला तिथून हरीण कधीच पुढे गेलेलं असतं, माशी बाहेर आली की निव्वळ नशिबावर असते, हरीण जवळून गेलं तर ठीक नाहीतर उपाशी मेली. कुंपणाच्या आत हा जुगारच राहत नाही. हरणं रोज त्याच झाडाखाली बसतात, कोष त्याच पाचोळ्यात पडतात, माशी बाहेर आली की हरीण समोर हजर. त्यात गव्हाणीशी सगळी अंगाला अंग लावून उभी, त्यामुळे बिनपंखाची माशीसुद्धा एकावरून दुसऱ्यावर चालत जाऊ शकते. खाद्य साठवलेलं तिथे उंदीर येणार आणि उंदीर म्हणजे वर सांगितलेला बोरेलियाचा साठा. आणि जनावर एका ठिकाणाहून दुसरीकडे विकलं की अंगावरची सगळी वरात सोबत जाते. संख्या किती वाढू शकते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, फिनलंडमधल्या जंगली मूसवर, तोही हरणांचाच भाऊबंद, एकेका नरावर दहा दहा हजार केड मोजल्या आहेत, आणि २००६ च्या सुमारास नॉर्वे, स्वीडनमध्ये मूसचे केस गळून अंगावर उघडे चट्टे पडले होते ते याच माशीमुळे.

उपाय म्हणून अमेरिकेत फोर-पोस्टर नावाचं एक यंत्र काढलंय. मध्ये मक्याची टाकी, खाली तोंड घालायला जागा आणि कोपऱ्यांवर रंगाच्या रोलरसारखे उभे रोलर, त्यांना गोचीडनाशक लावलेलं. हरीण मका खायला डोकं घालतं तेव्हा मान आणि कान रोलरला घासले जातात, आणि मोठ्या गोचिडी नेमक्या तिथेच जास्त असतात. डोकं चांगलं लढवलंय, पण यात एक गोची आहे, मक्यासाठी हरणं एका जागी जमतात, आणि हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा जीवघेणा रोग लाळेतूनही पसरतो, त्यामुळे जिथे तो रोग आहे तिथे हरणांना असं खायला घालण्यावर बऱ्याचदा बंदी असते. गोचीड घालवायला जावं तर दुसरंच दार उघडतं.

अशा हरणांसोबत रोज काम करणाऱ्यांनी मात्र साधी काळजी घ्यावी. लांब बाह्या, संध्याकाळी अंग तपासणं, गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढणं. काडी पेटवून चटका देऊ नका, रॉकेल लावू नका, आणि ती नखावर चिरडू तर अजिबात नका. नंतर ताप आला तर डॉक्टरांना हरणांचं आणि गोचिडीचं आठवणीने सांगा, नाहीतर ते साधा व्हायरल समजतील.

आणि त्या खटल्याचा निकाल लावायचा तर त्यालाही पाळलेलीच हरणं उपयोगी पडतील. जंगलातल्या हरणाला आधी कुठली माशी चावली, कुठली गोचीड लागली काही सांगता येत नाही. बंदिस्त हरणाचं रक्त आणि त्याच्याच अंगावरची माशी एकाच दिवशी तपासता येते, महिन्याने पुन्हा तपासता येते. पाचोळ्यातले कोष गोळा करून बाटलीत ठेवायचे, त्यातून निघालेली रक्त न प्यायलेली माशी अशा पाडसावर सोडायची ज्याचं रक्त आधी तपासून स्वच्छ निघालंय आणि ज्याला बाकी गोचीड, माशी, ऊ काहीच लागू दिलेलं नाही. मग दर थोड्या दिवसांनी त्या पाडसाचं रक्त काढून बघत राहायचं, त्यात जिवंत बार्टोनेला वाढवता येतो का.