'आशाताई यायला लागल्या आणि गावात बीपी वाढला': खरं काय?

चोपडा-यावलच्या केळीपट्ट्यात हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. वाढतो तो नोंदींचा आकडा. समजा, गावात बीपीचे २५ जण आहेत. तपासणीच नव्हती तेव्हा ८ सापडले, दारोदार तपासणी झाल्यावर २०. रजिस्टर अडीच पट फुगलं, रोग तेवढाच राहिला. उलट जिथे नोंदच नाही, तिथला कोरा कागद जास्त धोक्याचा. पुढे लकवा मारतो तेव्हाच घरच्यांना कळतं.

म्हणून देशादेशांची तुलना रजिस्टरवर करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'स्टेप्स' पद्धतीत आजारी-निरोगी न बघता चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडतात. आधी प्रश्नावली, मग मोजमाप, मग रक्त. बीपी मोजण्याआधी १५ मिनिटं शांत बसवतात, ३-३ मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजतात आणि शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी धरतात. पहिला आकडा बहुधा चढाच येतो.

गावात चूक होते ती इथेच. शेतातून आल्या आल्या, सदऱ्याच्या बाहीवरून, हात लोंबता ठेवून पट्टा बांधला, की आकडा फसवा येतो. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तरी तो वाढीव दिसतो. दंड उघडा हवा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको.

वयाचाही हिशेब लागतो. जपानमध्ये म्हातारी माणसं जास्त, नंदुरबारात तरुण. वय समान धरून आकडे काढल्याशिवाय दोघांची तुलनाच चुकीची.

आशाताईंचा फॉर्म, म्हणजे बीपी-साखरेसारख्या आजारांचा धोका ओळखण्यासाठी त्या घरी येऊन विचारतात ती प्रश्नावली, ३० वर्षांवरच्या प्रत्येकाने भरून घ्यावा, काहीच त्रास नसला तरी.