महाविद्यालये व शहरी वस्तीसंस्था यांची भागीदारी

शहरातील महाविद्यालय किंवा विद्यापीठ आणि त्याच्या आसपासच्या वस्तीत काम करणाऱ्या संस्था यांनी परस्परसंमतीने, ठरावीक कामासाठी उभारलेले सहकार्य. रहिवासी संघ, भाडेकरूंच्या संघटना, महिला मंडळे, युवक मंडळे, दवाखाने वा अभ्यासिका चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्था, प्रार्थनास्थळांशी जोडलेले सेवागट या सगळ्यांचा समावेश वस्तीसंस्थांत होतो. मुलांची शिकवणी, कायदेविषयक सल्ला, आरोग्य तपासणी, घरांचे व भाड्यांचे सर्वेक्षण, वस्तीचे नकाशे, मोकळ्या जागांचे आराखडे, संस्थेचे हिशेब लावून देणे अशी कामे त्यातून होतात. महाविद्यालयाला यातून विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रकार्य आणि अध्यापकांसाठी संशोधनाचा विषय मिळतो. संस्थेला मनुष्यबळ, तज्ज्ञता आणि कधीकधी जागा व पैसा मिळतो. निदान करारात तरी तसे लिहिलेले असते.

वर्षातून एकदा होणारे रक्तदान शिबिर किंवा स्वच्छता मोहीम भागीदारीत मोडत नाही. काम कोणते करायचे, कधी संपवायचे आणि त्यातून निघालेली माहिती कोणाची, या तीन बाबींत वस्तीसंस्थेला निर्णयाचा हक्क असेल तरच भागीदारी म्हणावी, असा निकष या क्षेत्रातले जाणते कार्यकर्ते लावतात. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी याच कारणाने आजही वापरात आहे. तळाशी लोकांना नुसते वळवून घेणे, मध्ये माहिती देणे व सल्ला विचारणे, वर भागीदारी आणि सर्वांत वर नागरिकांचे नियंत्रण, असा तिचा क्रम आहे. महाविद्यालयांच्या अहवालांत ज्याला भागीदारी म्हटलेले असते, त्यातले बरेचसे या शिडीवर मधल्या पायऱ्यांच्या वर जात नाही.

पूर्वपीठिका : लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत, सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ मध्ये टॉयन्बी हॉलची स्थापना केली. ऑक्सफर्ड व केंब्रिजमधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी वस्तीतच राहावे, शिकवावे आणि शिकावे, ही त्यामागची कल्पना होती. पुढे ब्रिटनमधील सामाजिक सुरक्षेचा आराखडा मांडणारे विल्यम बेव्हरिज आणि पंतप्रधान झालेले क्लेमेंट ॲटली यांनी तरुणपणी येथे काम केले होते. त्याच धर्तीवर जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस सुरू केले. १८९५ मध्ये हल हाउसच्या रहिवाशांनी आसपासच्या गल्ल्यांचे नकाशे प्रसिद्ध केले. कोणत्या घरात कोणत्या देशातून आलेले कुटुंब राहते आणि त्याची आठवड्याची मिळकत किती, हे त्यांत रंगांनी दाखवलेले होते. घरोघर जाऊन गोळा केलेली माहिती कागदावर मांडली की नगरपालिकेशी बोलणे सोपे होते, हा धडा तेव्हाचा आहे.

वस्तीने उपस्थित केलेला प्रश्न आणि विद्यापीठाने लावलेला माणूस यांची गाठ कशी पडते, याचे जवळून पाहण्याजोगे उदाहरण फिलाडेल्फियात सापडते. शहराच्या सातव्या वॉर्डातील कृष्णवर्णीयांच्या स्थितीचा अभ्यास व्हावा असा आग्रह तिथल्या सेटलमेंट चळवळीतल्या, म्हणजे टॉयन्बी हॉलसारखी वस्तीत राहून काम करणारी केंद्रे चालवणाऱ्या, मंडळींनी धरला आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९६ मध्ये हे काम डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याकडे सोपवले. ते पत्नीसह त्याच भागात राहायला गेले. प्रश्नावली घेऊन ते स्वतः दारोदार फिरले आणि हजारो घरांची माहिती एकट्याने गोळा केली. नागर समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या अभ्यासांत त्याची गणना होते. विद्यापीठाने मात्र त्यांना नियमित अध्यापकपद दिले नाही. वस्तीतले ज्ञान हवे, पण ते आणणाऱ्याला आत जागा द्यायची नाही, ही विसंगती या विषयाच्या इतिहासात पुढेही वारंवार दिसते.

लॅटिन अमेरिकेत हा विचार वेगळ्या वाटेने आला. अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे १९१८ मध्ये विद्यार्थ्यांनी केलेल्या चळवळीनंतर अध्यापन व संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या समाजासाठी केलेले काम, हेही विद्यापीठाचे कर्तव्य मानले जाऊ लागले. मेक्सिकोत पदवी मिळवण्यासाठी किमान ४८० तासांची समाजसेवा सक्तीची आहे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी ‘विज्ञान दुकाने’ उघडली. रहिवासी गट, कामगार संघटना, पर्यावरण गट आपला प्रश्न तिथे घेऊन येतात आणि विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली, मोफत किंवा अल्प मोबदल्यात, त्याचा अभ्यास करून देतात. प्रश्नाची सुरुवात वस्तीकडून होते, हे या पद्धतीचे बलस्थान. एवढी साधी सोय इतर ठिकाणी अपवादानेच का दिसते, याचे उत्तर बहुधा अध्यापकांच्या बढतीच्या नियमांत आहे. वस्तीसाठी लिहिलेला अहवाल कितीही उपयोगी पडला, तरी बढतीच्या वेळी तो शोधनिबंधाइतका मोजला जात नाही.

भारतात समाजकार्य शिक्षणाची सुरुवातच वस्तीतून झाली. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्या पुढाकाराने मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेले सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, आरंभी नागपाडा नेबरहुड हाउस या वस्तीकेंद्रात भरत असे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा साचा आहे. दत्तक वस्तीची तरतूद योजनेत आहे. तरीही शिबिर म्हटले की ते खेड्यात, अशीच सर्वसाधारण समजूत राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये समाजसहभागाविषयी जो आराखडा दिला, त्यात दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचवलेला आहे.

जमिनीचा वाद : महाविद्यालय हे वस्तीचे शेजारी असते, त्याचबरोबर बहुधा तिथले सर्वांत मोठे जमीनदार, मालक आणि रोजगार देणारेही असते. भागीदारीचा करार एका दालनात होतो आणि विस्ताराचा नकाशा दुसऱ्या दालनात आखला जातो. दोन्हींवर त्याच संस्थेची मोहोर असते, आणि वस्ती दोन्ही कागद एकत्र ठेवूनच वाचते.

अमेरिकेत १९५९ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम ११२ ने शहरांना विद्यापीठांलगतच्या पुनर्विकासासाठी अनुदानात झुकते माप दिले. विद्यापीठाने जमीन घेण्यावर केलेला खर्च पुनर्विकासाच्या खर्चातील शहराच्या वाट्यात धरता येऊ लागला. त्याचा फटका बसलेल्या वस्त्यांत फिलाडेल्फियातील ब्लॅक बॉटम ही एक. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ व शेजारच्या संस्थांच्या विस्तारासाठी १९६० च्या दशकात ही कृष्णवर्णीय वस्ती उठवली गेली.

न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचा व्यायामशाळेचा प्रकल्प याहून लहान, पण अधिक बोलका. मॉर्निंगसाइड पार्क या सार्वजनिक उद्यानाच्या उतारावर ती बांधायची होती. टेकडीच्या माथ्यावर विद्यापीठ आणि पायथ्याशी हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. विद्यार्थ्यांचे प्रवेशद्वार वर, हार्लेमच्या रहिवाशांचे खाली, आणि त्यांच्या वाट्याला इमारतीचा छोटासा भाग, असा आराखडा होता. विद्यापीठाच्या लेखी ही वस्तीला दिलेली सवलत होती. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थी आणि हार्लेममधील कार्यकर्ते एकत्र उभे राहिले, इमारती ताब्यात घेतल्या गेल्या आणि शेवटी बांधकाम सोडून द्यावे लागले. वस्तीला काय द्यायचे हे वस्तीला न विचारता ठरवले की काय होते, हे समजून घ्यायला त्या दोन दारांचा नकाशा पुरेसा आहे.

नव्या काळात विस्थापन बुलडोझरशिवायही होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मदतीने २००१ मध्ये पश्चिम फिलाडेल्फियात एक सार्वजनिक शाळा उभी राहिली. शाळा उत्तम चालली. त्यामुळे तिच्या प्रवेशहद्दीतील घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या आणि ज्या कुटुंबांसाठी शाळा काढली त्यांच्यातल्या अनेकांना तिथे घर घेणे वा टिकवणे अवघड झाले. यात कोणाची लबाडी होती असे म्हणता येत नाही. भाडेकरूंच्या संरक्षणाचा विचार शाळेच्या बरोबरीने झाला नाही, एवढेच.

प्रत्यक्ष कार्यपद्धती : सहकार्य बहुधा एखाद्या अध्यापकाच्या आणि एखाद्या कार्यकर्त्याच्या ओळखीतून सुरू होते. सामंजस्य करार, समन्वय समिती, स्वतंत्र केंद्र हे सगळे नंतर येते. अध्यापकाची बदली झाली किंवा कार्यकर्त्याने नोकरी सोडली की करार कपाटात राहतो आणि काम थांबते. म्हणून जुन्या-जाणत्या संस्था करारात व्यक्तीऐवजी पदाचा उल्लेख करून घेतात आणि समन्वयकाचा पगार महाविद्यालयाच्या नियमित अंदाजपत्रकात घालायला लावतात.

खरी अडचण वेळापत्रकाची. पंधरा-सोळा आठवड्यांचे सत्र धरले तर पहिले काही आठवडे प्रवेश, गटवाटप आणि वस्तीची ओळख यांत जातात. शेवटचे परीक्षा व सादरीकरणांत. मधले सात-आठ आठवडे हाती राहतात, तेही आठवड्याला दोन-तीन तास. अभ्यासिकेतले मूल नुकते कुठे त्या ताईशी किंवा दादाशी मोकळे बोलू लागलेले असते, तोवर सत्र संपते आणि पुढच्या सत्रात नवा चेहरा येतो. घर रिकामे करण्याची नोटीस, पाणी तुंबणे, शाळेतून गळती हे प्रश्न सत्राची सुट्टी पाळत नाहीत.

दुसरा खर्च कोणत्याच हिशेबात दिसत नाही. विद्यार्थ्यांचा गट आला की संस्थेतल्या कोणाला तरी त्यांना वस्ती दाखवावी लागते, कोणाच्या घरात फोटो काढायचा नाही ते सांगावे लागते, हजेरीच्या कागदावर सही करावी लागते, शेवटी मूल्यमापनाचा तक्ता भरून द्यावा लागतो. हे करणारी व्यक्ती बहुधा एकच असते आणि तिचे स्वतःचे काम तेवढा वेळ पडून राहते. अमेरिकेतील मॅडिसन शहरात साठहून अधिक संस्थांतील लोकांशी बोलून झालेल्या एका अभ्यासात नेमकी हीच तक्रार पुढे आली : अल्पमुदतीचे विद्यार्थी घेण्यात संस्थेचा जितका वेळ जातो, तितके काम परत मिळत नाही. तरी संस्था त्यांना नाकारत नाहीत. उद्याचे मतदार, अधिकारी आणि डॉक्टर आपल्या वस्तीबद्दल थोडे शहाणे व्हावेत, ही त्यामागची भावना. म्हणजे शिक्षणाचे काम वस्ती करते आणि शुल्क महाविद्यालय घेते. समन्वयाच्या तासांचे मानधन संस्थेला देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सार्वत्रिक व्हायला हवी.

सर्वेक्षणांचा कंटाळा हाही नेहमीचा अनुभव आहे. महाविद्यालयालगतच्या वस्तीत तेच प्रश्न दरवर्षी नवे विद्यार्थी विचारतात. उत्तरे कुठे गेली हे मात्र कोणी सांगायला येत नाही. यावर डेट्रॉइटमध्ये १९९५ पासून बऱ्यापैकी उपाय झाला आहे. मिशिगन विद्यापीठ, वस्तीसंस्था आणि आरोग्य विभाग यांनी मिळून तिथे एक संशोधन केंद्र उभारले. त्याच्या मंडळावर वस्तीसंस्थांचे प्रतिनिधी बसतात. विषय निवडणे, माहितीचा अर्थ लावणे आणि निष्कर्ष आधी वस्तीत सांगणे याची तत्त्वे त्यांनी लेखी ठरवून घेतली. दमा व हवेचे प्रदूषण यांवरील त्यांचे काम वर्षानुवर्षे चालू राहू शकले, त्याचे श्रेय बरेचसे या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नियमावलीला जाते.

पैसा : अनुदानावर उभी राहिलेली भागीदारी अनुदानाबरोबर संपते. अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याने १९९४ पासून विद्यापीठांना वस्तीकामासाठी तीन वर्षांची अनुदाने दिली. २००० च्या दशकाच्या मध्यास हा निधी आटला आणि अनेक केंद्रांचे काम रोडावले. याउलट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे १९९२ मध्ये स्थापन झालेले केंद्र टिकले, कारण ते नियमित अभ्यासक्रमांना जोडलेले होते. मानववंशशास्त्राचा वर्ग शेजारच्या शाळेतील मुलांच्या पोषणाचा अभ्यास करतो आणि पुढची तुकडी तिथूनच पुढे काम सुरू करते, अशी ती रचना आहे.

विद्यार्थ्यांच्या तासांपेक्षा संस्थेच्या खरेदीची ताकद मोठी, असा विचार क्लीव्हलँडमध्ये पुढे आला. तिथल्या विद्यापीठ व रुग्णालयांच्या परिसरात कामगारांच्या मालकीच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या; २००९ मध्ये सुरू झालेली धुलाईसंस्था ही त्यांतली पहिली. मोठ्या संस्थांचे कपडे धुण्याचे कंत्राट वस्तीतल्याच लोकांनी घ्यावे, हा त्यामागचा हिशेब.

कराचा प्रश्न याहून अवघड आहे. अनेक देशांत शैक्षणिक संस्थांच्या मालमत्तेला कर माफ असतो आणि तेवढा भार शहरातील इतरांवर पडतो. येल विद्यापीठाने न्यू हेवन शहराला सहा वर्षांत सुमारे १३.५ कोटी डॉलर ऐच्छिक रक्कम देण्याचा समझोता २०२१ मध्ये जाहीर केला. फिलाडेल्फियात अध्यापक व कर्मचाऱ्यांनी कराऐवजी नियमित रक्कम देण्याची मागणी लावून धरली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०२० मध्ये दहा वर्षांत १० कोटी डॉलर शाळा विभागाला देण्याचे मान्य केले. शाळांच्या इमारतींमधील शिसे व ॲस्बेस्टॉस हटवण्यासाठी ती रक्कम होती. मात्र ती देणगी म्हणून दिली गेली. त्यामुळे तिची मुदत आणि उद्देश विद्यापीठाने ठरवला, आणि नियमित रकमेची मागणी त्यानंतरही चालू राहिली.