हॉट हॅचबॅकची वळणावरची वागणूक आणि बेदरकार वेग: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेत सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर यांच्या कामासाठी येणाऱ्या गाड्यांमध्ये छोट्या पण ताकदवान हॅचबॅक, म्हणजे ज्यांना सगळे हॉट हॅच म्हणतात त्या, मोठ्या संख्येने असतात. काम झाल्यावर किल्ली परत देताना आम्ही काही गोष्टी तोंडी सांगतो. त्या घाईत सुटून जाऊ नयेत आणि घरातील जी दुसरी व्यक्ती तीच गाडी चालवते तिच्यापर्यंतही पोहोचाव्यात, म्हणून हे पत्रक दिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ही गाडी वळणात घसरते तेव्हा चूक बहुतेक वेळा वळणात शिरण्यापूर्वीच्या वेगात झालेली असते, आणि ती चूक सावरण्यासाठी चालक घाबरून जे करतो, नेमक्या त्यानेच गाडी हाताबाहेर जाते.

फोक्सवॅगनने १९७६ साली विक्रीस आणलेल्या गोल्फ जीटीआयने हा प्रकार लोकप्रिय केला. १.६ लिटरचे इंजिन, ११० अश्वशक्ती आणि ८०० किलोहून थोडेसेच अधिक वजन एवढ्या भांडवलावर ती गाडी तिच्याहून मोठ्या आणि महागड्या गाड्यांच्या बरोबरीने धावत असे. आज होंडा सिव्हिक टाइप आर सारखी गाडी ३०० हून अधिक अश्वशक्ती केवळ पुढच्या दोन चाकांकडे पाठवते. मधल्या काळात टायर, ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पुष्कळ सुधारल्या. मात्र इंजिन व गिअरबॉक्स पुढे, मागची बाजू हलकी आणि गाडीची लांबी बेताची, ही मूळ मांडणी बहुतेक गाड्यांत तशीच राहिली आहे, आणि पुढे सांगितलेल्या सर्व गोष्टी त्या मांडणीतूनच निघतात.

पुढच्या चाकांवर किती कामे असतात

अशा गाडीचे साधारण साठ टक्के किंवा त्याहून अधिक वजन पुढच्या ॲक्सलवर असते. गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणे ही तिन्ही कामे त्याच दोन टायरांना करावी लागतात. प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेतच टेकलेला असतो आणि त्या जागेतून मिळणारी एकूण पकड मर्यादित असते. वळताना त्यातली पकड ओढण्यासाठी किंवा थांबण्यासाठी जितकी खर्च कराल, तितकी वळण्यासाठी कमी उरते. जर्मन अभियंते वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखले जाणारे पकडीचे वर्तुळ हेच दाखवते.

म्हणून वळणात ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की गाडी स्टिअरिंगचे ऐकेनाशी होते आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूकडे सरकू लागते. याला अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी स्टिअरिंग आणखी फिरवण्याचा मोह होतो, परंतु पुढचे टायर आधीच घसरत असल्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. उलट पकड अचानक परत आली तर चाके जास्त वळलेली असतात आणि गाडी आतल्या बाजूला झेपावते. स्टिअरिंग आहे तेथेच धरावे किंवा किंचित सैल करावे आणि ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करावा, हे योग्य.

टर्बो इंजिनच्या गाड्यांत ताकद एकदम वर येते तेव्हा स्टिअरिंग स्वतःहून डावीकडे किंवा उजवीकडे ओढले जाते, ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. आडव्या इंजिनमुळे गिअरबॉक्स एका बाजूला असतो, त्यामुळे जुन्या रचनांमध्ये एक ड्राइव्हशाफ्ट (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) लांब आणि दुसरा आखूड असे. दोन्हींचे कोन वेगळे झाल्याने ओढही असमान होई. पुढे मधला शाफ्ट घालून दोन्हींची लांबी सारखी करण्यात आली. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये ३०० च्या आसपास अश्वशक्ती पुढच्या चाकांना देताना स्टिअरिंगची ओढ कमी करणारी खास सस्पेन्शन रचना वापरली. तरीही डाव्या-उजव्या टायरांची झीज वेगळी असेल, हवा कमी-जास्त असेल किंवा मूळ मापापेक्षा बाहेर निघणारी रुंद व्हील बसवली असतील, तर ही ओढ वाढते. खडबडीत रस्त्यावर दुसऱ्या गाडीला ओलांडताना ती सर्वांत जास्त जाणवते आणि तेव्हा समोरून वाहन येत असण्याची शक्यता असते, म्हणून अशा वेळी दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत आणि खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एका झटक्यात तळापर्यंत नेऊ नये.

वळणात पाय उचलल्यावर काय होते

हा भाग कृपया सावकाश वाचावा, कारण ज्यांना पुढची चाके ओढणारी गाडी केवळ पुढूनच घसरते असे वाटते, त्यांना मागचा भाग सुटण्याची कल्पनाच नसते.

वेग कमी होतो तेव्हा गाडीचा भार पुढच्या चाकांकडे जातो. किती भार जाईल हे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर किती आहे यावर ठरते. अंतर जितके कमी, तितका जास्त भार सरकतो. मुळातच हलका असलेला मागचा भाग त्यामुळे आणखी हलका होतो. त्यात हॉट हॅचमध्ये अंडरस्टिअर कमी व्हावा म्हणून उत्पादक मागचे सस्पेन्शन मुद्दाम कडक ठेवतात, इतके की जोरात वळताना आतल्या बाजूचे मागचे चाक कधीकधी रस्त्यावरून उचलले जाते. ते चाक उचलणे हा बिघाड नव्हे, पण त्या क्षणी मागची सर्व पकड बाहेरच्या एकाच टायरवर असते. वळणात वेग जास्त झाल्याचे लक्षात येऊन चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय पटकन उचलला किंवा ब्रेक दाबला, तर पुढच्या टायरांवर भार येऊन त्यांची पकड वाढते, मागच्या टायरची संपते आणि गाडीची शेपूट बाहेर फिरते.

१९८४ मध्ये आलेली पजो २०५ जीटीआय या गुणधर्मासाठी आजही ओळखली जाते. तिच्या चाकांमधले अंतर २.४२ मीटर आणि वजन ९०० किलोच्या आसपास होते. जाणत्या चालकाच्या हाती ती अतिशय चपळ असे, कारण केवळ पाय किंचित सैल करून तिचे नाक वळणाच्या आत आणता येत असे. तीच चपळता नवख्या चालकाच्या वाट्याला ओल्या रस्त्यावर आली, की तिचे रूप पालटते. लहान व हलक्या गाडीला फिरायला लागण्यासाठी फारशी ताकद लागत नाही, त्यामुळे सगळे मोठ्या गाडीपेक्षा लवकर घडते आणि सावरायला वेळ फार थोडा मिळतो.

मागचा भाग सुटलाच, तर नजर जिकडे जायचे आहे तिकडे ठेवावी, शेपूट ज्या बाजूला जात आहे त्या बाजूला स्टिअरिंग फिरवावे, ब्रेकवर एकदम पाय देऊ नये आणि गाडी सरळ होऊ लागताच स्टिअरिंगही तितक्याच त्वरेने सरळ करावे. शेवटची गोष्ट राहून गेली तर गाडी दुसऱ्या बाजूला फिरते, आणि हा दुसरा झोका बहुधा पहिल्यापेक्षा मोठा असतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरल्यास पुढची चाके गाडीला ओढून सरळ करतात हे खरे आहे, परंतु त्याचे प्रमाण हातापायांना आधीच माहीत असावे लागते. वाचून ते येत नाही. ज्यांना ते शिकायचे असेल त्यांनी वाहतुकीसाठी बंद असलेल्या मैदानावर, पाणी सोडलेल्या पृष्ठभागावर, प्रशिक्षकासोबत शिकावे, असे आम्ही मनापासून सुचवतो. प्रत्येक हॉट हॅच मालकाने आयुष्यात एकदा तरी ते करावे असे आमचे मत आहे. सार्वजनिक रस्त्यावर मात्र एकच मार्ग भरवशाचा आहे: गाडी सरळ असतानाच ब्रेक लावून वेग उतरवावा, योग्य गिअर घ्यावा, आणि वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटर हलका व स्थिर ठेवावा. वळणापलीकडचे दिसत नसेल, तर जितका रस्ता दिसतो आहे तितक्यात थांबता येईल एवढाच वेग असावा.

थंड हवेत याची आणखी एक बाजू लक्षात ठेवावी. पुढचे टायर ओढण्याच्या आणि वळवण्याच्या कामामुळे लवकर गरम होतात, मागच्या टायरांना फारसे काम नसल्याने ते बराच वेळ थंडच राहतात. स्टिअरिंग नेहमीसारखे लागते आहे म्हणून चालक निर्धास्त होतो, आणि पहिल्या काही किलोमीटरांतच मागची बाजू सुटते.

वेगाचा हिशेब

थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगल्या टायरांवर, कोरड्या रस्त्यावर, ०.७ एवढे घर्षण धरले तर ताशी ५० किमी वेगातून ब्रेक लावल्यावर गाडी सुमारे १४ मीटरमध्ये थांबते, तर ताशी १०० किमी वेगातून सुमारे ५६ मीटर लागतात. ब्रेकवर पाय जाण्यास एक सेकंद धरला, तर हे आकडे अनुक्रमे २८ आणि ८४ मीटर होतात. याहून बोलका हिशेब असा, की ताशी ८० किमी वेगाची गाडी ब्रेक लावून ज्या ठिकाणी पूर्ण थांबते, तेथे त्याच जागी ब्रेक लावलेली ताशी १०० किमी वेगाची गाडी अजून ताशी ६० किमी वेगाने जात असते.

वळणालाही हाच नियम लागू आहे. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किमी वेगाला टायरांना गुरुत्वाकर्षणाच्या ०.५७ पट बाजूचे बल द्यावे लागते. ताशी ७० किमी वेगाला ते ०.७७ पट होते. फक्त दहाचा फरक, पण मागणी एक तृतीयांशाहून अधिक वाढली. कोरड्या रस्त्यावर चांगला टायर ते पेलू शकेल, ओल्या रस्त्यावर त्याची खात्री नाही.

हॉट हॅच ही वाढ चालकाला जाणवू देत नाही. कडक सस्पेन्शनमुळे गाडी कलत नाही, रुंद टायर आवाज न करता धरून ठेवतात, आणि मर्यादेपर्यंत सर्व काही सोपे वाटते. मर्यादेपलीकडे मात्र अशा टायरांची पकड बरीच अचानक उतरते. सार्वजनिक रस्त्यावर मित्रांच्या गाडीशी शर्यत लावणे, चौकात हँडब्रेक ओढून गाडी फिरवणे, पुढच्या वाहनाच्या मागे अगदी जवळ चिकटून चालणे, मागे बसलेल्यांना गाडीची ताकद दाखवणे, यांत चालक आपली पकड आधीच खर्च करून बसलेला असतो. नंतर रस्त्यावर मूल आले, सायकलस्वार वळला किंवा तेल सांडलेले निघाले, तर देण्यासाठी टायरांकडे काही शिल्लक राहत नाही. पायी चालणाऱ्या माणसाने या जोखमीला होकार दिलेला नसतो. ज्या गाडीचे ब्रेक आम्ही स्वतःच्या हातांनी बसवले आहेत, त्या गाडीने कोणाला इजा होऊ नये ही आमची तळमळ आहे, म्हणून हे एवढ्या स्पष्टपणे लिहीत आहोत.

स्टॅबिलिटी कंट्रोल

गाडी भलतीकडे फिरू लागल्याचे ओळखून एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावणारी ही यंत्रणा बॉश आणि मर्सिडीझ यांनी १९९५ मध्ये बाजारात आणली. १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार मासिकाच्या अडथळा चुकवण्याच्या चाचणीत मर्सिडीझची छोटी ए-क्लास उलटली, त्यानंतर कंपनीने ती यंत्रणा त्या गाडीत सरसकट बसवली. युरोपीय संघात २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. तिने अनेक जीव वाचवले आहेत, पण रस्त्यावर नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. रस्त्यावर ती बंद करू नये, आणि स्पोर्ट मोड निवडल्यावर काही गाड्यांत ती उशिरा मध्ये पडते हे ध्यानात ठेवावे. जुन्या गाड्यांत ती मुळात नसते.

आमच्या कामाबद्दल

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर आम्ही ते मागच्या ॲक्सलवर बसवतो आणि मागचे कमी झिजलेले टायर पुढे आणतो. ओढणारी चाके पुढची असताना असे का, असे बहुतेक ग्राहक विचारतात. कारण वर दिले आहे: पुढची पकड कमी पडली तर गाडी थोडी बाहेर जाते आणि चालकाला आधी कळते, मागची गेली तर गाडी फिरते. टायरच्या नक्षीच्या खोलीची किमान कायदेशीर मर्यादा अनेक देशांत १.६ मिमी असली, तरी पाणी बाहेर फेकण्याची क्षमता त्यापूर्वीच बरीच घटते, म्हणून ३ मिमीवर आम्ही टायर बदलण्याचा सल्ला देतो. हवा टायर थंड असताना तपासावी.

गाडीची उंची कमी करण्यासाठी कापलेल्या स्प्रिंग आम्ही बसवत नाही. उंची कमी केल्याने सस्पेन्शनच्या दांड्यांचे कोन बदलतात आणि खड्ड्यावरून जाताना चाके आपोआप थोडी वळतात; कापलेली स्प्रिंग तर जागेवरून सुटूही शकते. मान्यताप्राप्त लोअरिंग किट बसवल्यास अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी देत नाही. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) जाड करून घेण्याची विनंती आली, तर ती गाडी पावसात कोण चालवणार आहे हे आम्ही आधी विचारतो. इंजिनची ताकद सॉफ्टवेअरने वाढवायची असल्यास टायर व ब्रेक प्रथम पाहावे लागतात, आणि असा कोणताही बदल विमा कंपनीला कळवणे आवश्यक असते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा धरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. घाटातून उतरताना ते उकळले तर पेडल थेट तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलावे.

गाडी आणताना चाक फुटपाथच्या कडेला किंवा खड्ड्यात आदळले असल्यास, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडे राहत असल्यास, ब्रेकचे पेडल मऊ लागत असल्यास किंवा स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा जळत राहत असल्यास तसे आवर्जून सांगावे. नव्या टायरांचा वरचा गुळगुळीत थर निघून जाईपर्यंत आणि नवे ब्रेक पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून गाडी सावकाश चालवावी.