बुद्धिबळाचं ऑनलाईन रेटिंग आणि पटावरचा खेळ : पार्श्वभूमी

आर्णी-दिग्रसकडचं पोट्टं मोबाईलवरच्या बुद्धिबळात १५०० रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा नंबर) दाखवतं, अमरावतीच्या रेटेड स्पर्धेत १४५० वाल्याकडून हरतं, अन् लोक म्हणतात ऑनलाईनचं सगळं खोटं. तसं नाही.

हार-जितीवरून रेटिंग काढायची एलो पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेनं (फिडे) १९७० मध्ये घेतली, तेव्हा २२०० च्या खाली रेटिंगच नव्हतं, म्हणजे ती मोठ्या खेळाडूंपुरतीच. ही मर्यादा उतरत उतरत २०१२ मध्ये १००० वर आली. ॲपवाल्यांनी घेतली ग्लिको पद्धत, त्यात रेटिंग किती पक्कं आहे हेही मोजतात, म्हणून नवीन खात्याचा नंबर एका डावात शंभर-दीडशेनंही हलतो. एक ॲप सगळ्यांना १५०० वर सुरू करतं, दुसरं लेव्हल विचारतं, मग दोघांचे नंबर जुळतील कसे? त्यात १० मिनिटांचा डाव ॲपवर रॅपिड (जलद), पटावरच्या नियमात मात्र तो ब्लिट्झ (अतिजलद).

आपल्या गावांत हे सगळं शिरलं ते २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर, अन् २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद असताना तर फारच.

खरा घोळ मार्च २०२४ चा. मर्यादा खाली आल्यावर लहान पोरं कमी रेटिंग घेऊन घुसली, खेळ मात्र भराभर वाढत गेला, त्यांच्याशी हरून मोठ्यांचेही नंबर घसरले. उपाय म्हणून संघटनेनं २००० च्या खालच्या सगळ्यांना, २००० ला जेवढे कमी पडत होते त्याच्या ४० टक्के गुण एकाच दिवशी देऊन टाकले. १००० वाला १४०० झाला, १२०० वाला १५२०, १५०० वाला १७००, अन् मर्यादा परत १४०० वर नेली. दुरुस्ती लागत होती हे मान्य, पण एकही चाल सुधारली नसताना १२०० वाल्याचे ३२० गुण वाढले याला प्रगती कसं म्हणायचं? आजचा १४५० म्हणजे जुना साधारण १०८०. ऑनलाईनमधून दोनशे वजा करा म्हणजे खरं रेटिंग निघतं, असे जे हिशेब लोक सांगायचे ते त्याच दिवशी बाद झाले, तरी अजून सांगतातच.

यात खेड्यातल्या पोरांवर अन्याय होतो असं मला स्पष्ट वाटते. एन्ट्री फी, एसटीचं भाडं, दोन-तीन दिवस राहणं-खाणं, एवढं परवडत नाही म्हणून त्यांच्याकडे फक्त ॲपचा नंबर असतो, अन् तो एकाच ॲपवर, एकाच वेळेच्या डावात, शेकडो डावांनंतर १२०० चा १५०० झाला असेल तं पोरगं सुधारलंच आहे. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकल्यापासून निवडीच्या, कोचिंगच्या गोष्टी जोरात सुरू आहेत, तिथं अजूनही पहिले पटावरचंच रेटिंग विचारतात.