मध्ययुगीन प्रणयकादंबरीतील ठरवून केलेले लग्न

मध्ययुगीन पार्श्वभूमीच्या इंग्रजी प्रणयकादंबरीत वारंवार येणारा कथाबंध. काळ साधारण १०६६ ते १४८५, स्थळ इंग्लंड, वेल्स किंवा स्कॉटलंड. राजाच्या, सरंजामदाराच्या अथवा घरच्यांच्या हुकमाने एकमेकांना न ओळखणाऱ्या, बरेचदा वैरी घराण्यांतल्या स्त्री-पुरुषांचे लग्न लागते आणि प्रेम त्यानंतर जडते, ही त्याची ढोबळ चौकट. बहुतेक प्रणयकथा लग्नाच्या मांडवात संपतात. या कादंबऱ्यांत दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच लग्न उरकलेले असते.

लेखकांना हा बंध इतका सोयीचा का वाटतो, हे कथेच्या गरजेतून कळते. प्रणयकथेला नायक आणि नायिका सतत समोरासमोर हवे असतात, आणि त्यांच्यामध्ये अडसरही हवा असतो. बाराव्या शतकातील कुलीन घरातली मुलगी परक्या सरदाराबरोबर एकटी बोलत बसली, हे वाचकाला पटत नाही. सक्तीचे लग्न ही अडचण एका फटक्यात सोडवते. एक छप्पर, एक शेज आणि भांडायला भरपूर कारणे अशी सगळी सामग्री लेखकाच्या हाती येते. मग नायिका गढीचा कारभार हाती घेते. दिवाणखान्यातले कुजलेले लव्हाळे काढून जमिनीवर ताजे अंथरायला लावते, मुदपाकखान्यातल्या चोऱ्या पकडते, जुन्या कारभाऱ्याकडून कोठाराच्या किल्ल्यांचा जुडगा काढून घेऊन स्वतःच्या कमरेला लावते. नायक जखमी होऊन येतो, ती टाके घालते. या प्रकारच्या कादंबऱ्या ज्यांनी पाचपंचवीस वाचल्या आहेत त्यांना हे प्रसंग तोंडपाठ असतात, आणि ते वगळले तर हेच वाचक नाराज होतात. प्रेमाची कबुली त्यामानाने उशिरा येते. त्याआधी घरातली सत्ता कोणाची, याचा निकाल लागलेला असतो.

इतिहासातील विवाहबाजार

या कथाबंधाचा ऐतिहासिक पाया बनावट नाही. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर रुजलेल्या अँग्लो-नॉर्मन सरंजामशाहीत जमीनदार मेला आणि वारस अल्पवयीन असला, की जमिनीबरोबर त्या वारसाचे लग्न लावून देण्याचा हक्कही वरच्या मालकाकडे जाई. हा हक्क बक्षीस देता येई, विकताही येई. राजाच्या थेट ताब्यातील वारसदार मुली आणि विधवा हे राजाचे मोठेच भांडवल होते. दुसऱ्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी ११८५ मध्ये अशा विधवांची व पाल्यांची यादी केली. बाईचे वय किती, मुले किती, जमिनीचे उत्पन्न काय, तिथे गुरे-मेंढरे किती, अशा नोंदी तीत आहेत. वधू-वर सूचक मंडळाची वही चाळल्यासारखी ती वाचता येते. एवढेच, की इथे पसंती वराचीही नसे आणि वधूचीही नसे.

जॉन राजाने या हक्कातून पैसा पिळून काढला. त्याची आधीची पत्नी इसाबेला ऑफ ग्लॉस्टर हिच्याशी लग्न करण्यासाठी जेफ्री द मँडव्हिल या सरदारावर १२१४ मध्ये २०,००० मार्कांची आकारणी झाली. एक मार्क म्हणजे पाउंडाचा दोन-तृतीयांश. ही रक्कम त्या काळी फेडण्यापलीकडची होती. पुढच्याच वर्षी हा जेफ्री राजाविरुद्ध बंड करणाऱ्यांत सामील झाला. राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत याचे पडसाद उमटले आहेत. सहाव्या कलमाने वारसांचे लग्न हलक्या घरात लावून देण्यास मनाई केली, तर आठव्या कलमाने विधवेला तिच्या मनाविरुद्ध पुनर्विवाह करायला लावू नये असे म्हटले. अर्थात राजाच्या संमतीविना ती दुसरे लग्न करणार नाही, असा जामीन तिने द्यायचाच होता.

या बाजारातून निघालेले सगळ्यांत गाजलेले जोडपे म्हणजे विल्यम मार्शल आणि इसाबेल द क्लेअर. चाळिशी ओलांडलेला, स्वतःची फारशी जमीन नसलेला हा शूर सरदार आणि चेपस्टो, पेम्ब्रोक व आयर्लंडमधील लेन्स्टर यांची विशीच्या आतली वारसदार यांचे लग्न ११८९ मध्ये झाले. दुसऱ्या हेन्रीने ती देऊ केली होती, पहिल्या रिचर्डने तो शब्द पाळला. त्यांना दहा मुले झाली. विल्यमच्या मृत्यूनंतर रचलेल्या पद्यचरित्रात १२०७ चा एक प्रसंग आहे. राजाच्या बोलावण्यावरून आयर्लंड सोडताना विल्यम गरोदर इसाबेलचा हात धरून तिला लेन्स्टरच्या सरदारांसमोर आणतो आणि सांगतो, की ही जन्माने तुमची स्वामिनी आहे, माझ्याकडे जे काही आहे ते हिच्यामुळे आहे. तो काळ बाईच्या जमिनीला काय किंमत देत होता आणि नवराही त्याची जाणीव कशी ठेवत होता, हे या एका प्रसंगातून कळते. एलिझाबेथ चॅडविक यांच्या ‘द ग्रेटेस्ट नाइट’ (२००५) या कादंबरीचा विषय हेच दांपत्य आहे.

संमतीचा कायदा

कादंबरीकार ज्याकडे सहसा पाठ फिरवतात ती गोष्ट मात्र वेगळी आहे. बाराव्या शतकात चर्चने विवाहाचा कायदाच असा घडवला, की आईबाप, मालक आणि राजा यांच्यापैकी कोणाचीही संमती लग्नाच्या वैधतेसाठी आवश्यक उरली नाही. सुमारे ११४० मध्ये इटलीतील बोलोन्यात ग्रेशियन या विद्वानाने चर्चच्या धर्मकायद्याचे संकलन केले, त्यापुढे धर्मपंडित पीटर लोंबार्डने आणि पोप तिसरा अलेक्झांडर (कारकीर्द ११५९–११८१) याने सिद्धांत पक्का केला. वर आणि वधू यांनी वर्तमानकाळात ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते’ असे शब्द एकमेकांना दिले, की लग्न लागले. भविष्यकाळात वचन दिले आणि मग शरीरसंबंध आला, तरीही लागले. साक्षीदार नको, धर्मगुरू नको, देऊळही नको. मुलीचे वय १२ आणि मुलाचे १४ पुरे. रोममध्ये भरलेल्या चर्चच्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लग्नाची आगाऊ जाहीर घोषणा बंधनकारक केली; पण घोषणेविना गुपचूप केलेले लग्न दंडास पात्र ठरले तरी मोडत नसे. कॅथलिक चर्चने ही पळवाट १५६३ मध्ये बंद केली, इंग्लंडने तर थेट १७५३ च्या कायद्याने.

उलट, धाकदपटशाने वदवून घेतलेला होकार रद्द होऊ शकत होता. खंबीर मनाचा माणूसही डगमगेल इतकी ती जबरदस्ती होती का, ही त्याची कसोटी. म्हणजे कादंबरीतला राजा ‘लग्न कर’ असा हुकूम सोडतो तेव्हा त्या हुकमाने कायद्याने लग्न लागत नव्हते. लागायला नायिकेच्या तोंडून होकार यावाच लागे. जाणकार लेखिका म्हणूनच नायिकेपुढे पेच टाकतात: धाकट्या बहिणीचा जीव, गावकऱ्यांची घरे, वेढ्यात अडकलेला भाऊ. ती ‘हो’ म्हणते, आणि पुढची तीनशे पाने त्या ‘हो’चा अर्थ बदलत जातो.

प्रत्यक्षात हा ताण घरोघरी कसा दिसे ते नॉरफोकच्या पॅस्टन कुटुंबाच्या पंधराव्या शतकातील पत्रव्यवहारात पाहावे. त्यातली तीन प्रकरणे एकापुढे एक ठेवली, की कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक कळते. १४४९ मध्ये एलिझाबेथ पॅस्टनसाठी स्टीफन स्क्रोप हे स्थळ आले. तो विधुर, पन्नाशीकडे झुकलेला, आजाराने विद्रूप झालेला. मुलगी ऐकेना, तेव्हा आईने तिला घरात कोंडले. आठवड्यातून एकदा-दोनदा, कधी एकाच दिवशी दोनदा तिला मार बसे. डोके दोन-तीन ठिकाणी फुटले होते. हे एका नातेवाईक स्त्रीने तिच्या भावाला कळवलेले आहे. ते लग्न काही झाले नाही.

वीस वर्षांनी, १४६९ मध्ये, तिच्या भाचीने, मार्जरीने, घरच्याच कारभाऱ्याला, रिचर्ड कॉलला, गुपचूप शब्द दिल्याचे उघड झाले. एका भावाने लिहिले, की आपली बहीण फ्रॅमलिंगहॅमला मेणबत्त्या आणि मोहरी विकत बसेल हे आपल्याला कधीच मान्य होणार नाही. नॉरिचच्या बिशपने मार्जरीला बोलावून नेमके कोणते शब्द उच्चारले ते विचारले. तिने ते सांगितले, आणि वर म्हणाली, की एवढ्याने लग्न पक्के होत नसेल तर इथून जाण्यापूर्वी ते आणखी पक्के करीन. बिशपचा नाइलाज झाला. आईने, मार्गरेटने, तिला दाराबाहेर ठेवले, तरी पुढे मृत्युपत्रात मार्जरीच्या थोरल्या मुलासाठी रक्कम ठेवली.

तिसरे प्रकरण दुसऱ्या मार्जरीचे, मार्जरी ब्रूजचे. तिचे तिसऱ्या जॉन पॅस्टनशी लग्न ठरत होते आणि हुंड्यावर घोडे अडले होते. फेब्रुवारी १४७७ मध्ये तिने होणाऱ्या नवऱ्याला ‘माझ्या लाडक्या व्हॅलेंटाइना’ असे संबोधून दोन पत्रे लिहिली. एकात विरहाने जीव कासावीस झाल्याचे सांगते आणि दुसऱ्यात, वडील १०० पाउंड आणि ५० मार्कांच्या वर जायला तयार नाहीत, हेही कळवते. तेवढ्यावर तो राजी असेल, तर पृथ्वीतलावर आपल्याइतकी आनंदी मुलगी नाही, असेही लिहिते. लग्न झाले. देण्याघेण्याची बोलणी आणि प्रेम एकाच कागदावर इतक्या सहजपणे नांदताना कादंबरीत क्वचितच दिसतात.

कथेची वंशावळ

मध्ययुगीन साहित्यात प्रेम आणि लग्न यांचे जमत नव्हते, हा समज बाराव्या शतकातील आंद्रेआस कॅपेलानसच्या प्रेमावरील लॅटिन ग्रंथामुळे पसरला. त्यात शँपेनच्या काउंटेस मारीच्या तोंडी निवाडा आहे, की पती-पत्नींमध्ये प्रेम संभवत नाही. १८८३ मध्ये गास्तों पारी या फ्रेंच अभ्यासकाने ‘दरबारी प्रेम’ ही संज्ञा रूढ केली आणि हा समज पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. पण मारीच्याच आश्रयाला पुढे असलेल्या क्रेतियँ द त्र्वा या कवीने सुमारे ११७० मध्ये रचलेल्या एरेक आणि एनीद यांच्या कथेत लग्न आधी आहे आणि प्रेमाची परीक्षा नंतर. बायकोत गुंतून एरेक शौर्य विसरला, अशी कुजबुज होते. तो रागाने तिला प्रवासात पुढे घालतो, बोलायचे नाही अशी ताकीद देतो. ती प्रत्येक संकटाच्या वेळी ताकीद मोडून त्याला सावध करते. आजच्या कादंबरीतील गर्विष्ठ नवरा आणि जिभेवर लगाम न ठेवणारी बायको यांचे पूर्वज हेच.

वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’त (१८१९) मात्र ठरवलेला वर हा अडथळा आहे. नॉर्मनांआधी इंग्लंडवर राज्य करणारा सॅक्सन राजवंश एकत्र यावा म्हणून सेड्रिक आपल्या पाल्येचे, रोवीनाचे, लग्न अथेल्स्टनशी लावू पाहतो आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या स्वतःच्या मुलालाच घराबाहेर काढतो. नरेंद्राच्या किंवा एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त भावाने ठरवलेल्या शिशुपालाला डावलून रुक्मिणी कृष्णाला निरोप धाडते, त्याच जातीची ही गोष्ट. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे पारडे फिरले: नको असलेला, वरून लादलेला नवराच नायक झाला. कॅथलीन वुडिविस यांची ‘द वुल्फ अँड द डव्ह’ (१९७४) १०६६ च्या नॉर्मन स्वारीत घडते; विजेता सरदार आणि जिंकलेल्या गढीची मुलगी ही जोडी तिने लोकप्रिय केली. रोबर्टा गेलिस यांनी ‘रोझलिंड’ (१९७८) मध्ये पालकत्वाचा कायदा कथेच्या केंद्रस्थानी आणला आणि राजकारण बरेच अचूक ठेवले. ज्यूली गारवुड यांच्या ‘द ब्राइड’ने (१९८९) स्कॉटिश लेर्ड (जमीनदार) आणि राजाज्ञेने मिळालेली इंग्लिश वधू यांना विनोदी सूर दिला. त्या सुराची नक्कल अजून थांबलेली नाही.

१९७०च्या दशकातल्या कादंबऱ्यांवरचा मुख्य आक्षेप बलात्काराचा आहे. ‘लग्न झालेच आहे’ या सबबीखाली नायकाची जबरदस्ती प्रेमाची नांदी म्हणून खपवली गेली, आणि हा आक्षेप रास्त आहे. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतील एका गावातल्या नियमित वाचक स्त्रियांशी बोलून १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की या वाचकांनाही क्रूर नायक आणि बलात्कार नकोच होते. हवा होता तो काळजी घेणारा पुरुष. पुढे बाजाराने हे ओळखले. पहिल्या रात्री नायक मागे सरतो, ‘तू म्हणशील तेव्हा’ असे सांगतो आणि चादरीवर स्वतःच्या हाताचे रक्त शिंपडून पाहुण्यांची समजूत घालतो, हा प्रसंग आता जवळपास ठरूनच गेला आहे.

रूढ चुका

बाराव्या शतकातील लेर्डला घातलेला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख, हा चारशे वर्षे आधी आलेला असतो. नववधूवर सरंजामदाराचा पहिल्या रात्रीचा हक्क असल्याचा विश्वसनीय पुरावा मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नाही. हात हातात देऊन वर्ष-दिवसापुरते लग्न करायचे आणि पटले नाही तर मोकळे व्हायचे, ही ‘जुनी स्कॉटिश प्रथा’ वाचकप्रिय केली ती स्कॉटच्या ‘द मॉनेस्टरी’ने (१८२०), मध्ययुगीन कायद्यात असे मुदतीचे लग्न नव्हते, हातात हात देऊन केलेला शब्द कायमचाच बांधी. ‘आपण एकत्र आलो नाही, म्हणजे लग्न आपोआप रद्द होईल’ असा बेत आखणारी नायिकाही कायद्यात नापास होते. शब्द दिले गेले की लग्न लागलेले असे. संबंध आला नाही एवढ्यावरून ते मोडत नसे, पुरुष कायमचा असमर्थ असल्याचे सिद्ध करावे लागे. यॉर्कच्या धर्मन्यायालयाच्या कागदपत्रांत त्यासाठी स्त्रियांनी नवऱ्याची प्रत्यक्ष तपासणी केल्याच्या साक्षी आहेत. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतले बहुसंख्य विवाहदावे मात्र लग्न मोडण्यासाठी नव्हतेच; नाकबूल होणाऱ्या माणसाने दिलेला शब्द पाळावा, म्हणून ते दाखल होत.