लहान मुलांना मासळीची ओळख

मासळीची ओळख म्हणजे कुठला मासा कधी घ्यायचा, ताजा कसा बघायचा आणि काटा न अडकता कसा खायचा हे मुलांना शिकवणं. कोकणपट्टीत हे आजीबरोबर बाजारात जाता जाता व्हायचं, आता मासा साफ होऊन पाकिटातून घरी येतो, त्यामुळे शहरातल्या बऱ्याच मुलांना पापलेट आणि हलवा (काळं पापलेट) यातला फरकपण सांगता येत नाही.

सुरुवात काट्यापासून. अगदी लहानांना मोठ्यांनीच बोटाने चाचपून काटे काढून द्यायचे, मग सुरमईची तुकडी, कारण तिचा मधला काटा लगेच दिसतो, बारीक काट्यांची तारली नि भिंग खूप नंतर. काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावतात ते मात्र बंद करा, काटा अजून आत रुततो, सरळ डॉक्टरकडे न्यायचं. कोळंबी, कुर्ली (खेकडा), तिसऱ्या (शिंपल्या) पहिल्यांदा देताना थोड्याच द्यायच्या, कारण काहींना अॅलर्जी असते. मुशीसारख्या (शार्क) मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो म्हणून ते लहानांना नकोच.

ताजेपणा बाजारातच शिकवावा, कल्ले लाल, डोळे चकचकीत, बोटाने दाबलं तर खड्डा राहत नाही, आणि बर्फ का लागतो तेपण तिथेच सांगावं, कारण बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामीन, म्हणजे अॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, तयार होतं आणि ते शिजवून जात नाही.

समुद्रातली मासळी संपू न देता टिकवायची गोष्ट मुलांना पट्टीने सगळ्यात पटकन कळते असं माझं मत. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवला, रुपेरी पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180. म्हणजे कंपासातली 15 सेंटीमीटरची पट्टी पापलेटला पुरते, बोंबलाला मोठी घ्या. त्यापेक्षा छोटा मासा म्हणजे पिल्लू, त्याने अजून अंडी घातलेली नसतात, हे पाच वर्षांच्या पोरालापण समजतं (आणि मग ते मासळीवाल्या मावशींना भर बाजारात विचारतं, तयारी ठेवा). पापलेट त्याच वर्षी राज्य मासा झाला.

दुसरा धडा पावसाळ्याचा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, बरेच मासे तेव्हा अंडी घालतात, आणि समुद्रपण खवळलेला असतो. घरात तेव्हा सुकट आणि सुके बोंबील निघतात, ते का हे मुलांना सांगायला याहून चांगला मोका नाही.