मेकॅनिक गाडीतून खाली उतरला तेव्हापासून

'मला रेसिंगमध्ये काम करायचंय' असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला गाडी चालवायची आहे. त्याला खरं तर टायरच्या दाबाचे आकडे बघायचे असतात किंवा कार्बन फायबरचे थर बसवायचे असतात. हा गोंधळ अलीकडचा आहे. सुरुवातीच्या काळात यंत्राचं काम करणारा माणूस खरोखरच गाडीत, चालकाच्या शेजारी बसत असे.

त्याला रायडिंग मेकॅनिक म्हणत. धावत्या गाडीत हाताने पंप मारून तेलाचा आणि इंधनाचा दाब टिकवायचा, टायरवर नजर ठेवायची, मागून कोण येतंय ते चालकाला सांगायचं, ही त्याची कामं. जून 1906 मध्ये फ्रान्समध्ये ल मान्सजवळ झालेल्या पहिल्या फ्रेंच ग्रांप्रीचा, म्हणजे मोठ्या मोटार शर्यतीचा, नियम आज वाचताना नवल वाटतं: शर्यतीत गाडीला हात लावायचा तो फक्त चालकाने आणि त्याच्या मेकॅनिकने. उन्हाने डांबर वितळत होतं, टायर फाटत होते आणि फाटलेला टायर सुरीने कापून काढून नवा चढवण्यात वेळ जात होता. रेनोच्या गाडीला मात्र मिशलॅं या टायर कंपनीची सुटी होणारी रिम, म्हणजे टायर बसवायची कडी, होती. हवा भरलेल्या टायरसकट रिम बदलली की काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. दोन दिवसांची ती शर्यत रेनोने अर्ध्या तासाहून जास्त फरकाने जिंकली. चालक होता फेरेन्स सिस, आणि तो स्वतः आधी लुई रेनोचा रायडिंग मेकॅनिक होता. तेव्हा मेकॅनिकच्या जागेवरून चालकाच्या जागेवर सरकायला हातभर अंतर पुरत असे.

1911 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस 500 या शर्यतीच्या पहिल्याच वर्षी रे हॅरूनने मेकॅनिकऐवजी गाडीवर आरसा लावला आणि जिंकूनही दाखवलं. एका माणसाचं अर्धं काम आरशाने केलं. युरोपातल्या ग्रांप्रीत 1925 पासून मेकॅनिक गाडीतून उतरले, ते कायमचेच. त्यानंतरचा या पेशाचा इतिहास मला एकाच दिशेने जाताना दिसतो: काम करणारा माणूस गाडीपासून लांब लांब जात गेला.

पहिला मुक्काम पिट, म्हणजे ट्रॅकच्या कडेची गाडी थांबवून चाकं-इंधन बघायची जागा. मर्सिडीजचे अल्फ्रेड नॉयबाउअर यांनी 1920 च्या दशकात झेंडे आणि पाट्यांनी चालकाला खुणा करण्याची पद्धत बसवली. एकट्याने पळणाऱ्या चालकाला आपण कितवे आहोत हे कळू लागलं, आणि टीम मॅनेजर हे खरंखुरं पद झालं. अमेरिकेत नॅस्कार या तिथल्या शर्यतमालिकेतल्या वुड ब्रदर्स संघाने पिटमधल्या प्रत्येक हालचालीचा सराव सुरू केला. 1965 मध्ये इंडियानापोलिसला जिम क्लार्क या चालकाच्या लोटस गाडीची पिट सांभाळायला त्यांनाच बोलावलं होतं, आणि क्लार्क जिंकला. चाक बदलणं हेही शिकायचं कौशल्य आहे, हे तेव्हा साऱ्यांना दिसलं.

माझ्या मते खरी कलाटणी 1967 ची. इंजिनिअर कीथ डकवर्थ यांचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन, फोर्डच्या पैशातून बनलेलं, नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला फॉर्म्युला वनच्या पहिल्याच शर्यतीत जिंकलं आणि पुढच्या वर्षापासून इतरांनाही विकत मिळू लागलं. चांगलं इंजिन बाजारात आल्यावर संघ काढायला मोटार कंपनी असण्याची गरज उरली नाही. केन टिरेल लाकडाचे व्यापारी. त्यांचा संघ लाकडाच्या वखारीतल्या शेडमध्ये चाले. 1970 ची त्यांची पहिली गाडी डेरेक गार्डनर यांनी गुपचूप आपल्या घरी बसून आखली. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर, नॉर्थॅम्प्टनशर, सरे अशा भागांत असे छोटे कारखाने उभे राहिले. त्यांच्या भोवती गिअरबॉक्सवाले, वेल्डर, पत्राकाम करणारे जमले. रेसिंगमधली इंजिनिअरिंगची कामं आजही याच पट्ट्यात एकवटलेली आहेत, त्याचं मूळ इथे आहे. टिरेलचा संघ पुढे हातोहात विकला जात, बार, होंडा, ब्रॉन अशी नावं बदलत 2010 मध्ये मर्सिडीज झाला. वखारीतल्या मूठभर माणसांच्या जागी आता हजारावर कर्मचारी आहेत.

या पेशात शिरायचे दोन रस्तेही तेव्हाचेच. पुढे संघप्रमुख झालेले रॉस ब्रॉन इंग्लंडमधल्या हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात उमेदवारी करून 1976 मध्ये मार्च या रेसिंग गाड्या बनवणाऱ्या कंपनीत मिलिंग मशीनवर लागले. पुढे नामांकित गाडी-रचनाकार झालेले एड्रियन न्यूई 1980 मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातून एरोनॉटिक्सची पदवी घेऊन थेट फिटिपाल्डी संघात गेले. एक यंत्रावरून वर आला, दुसरा वर्गातून. 1981 मध्ये जॉन बर्नार्ड यांची मॅकलॅरेन एमपी4/1 आली, तिचा सांगाडा कार्बन फायबरचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या कापडाचे थर चिकटवून बनवलेला. पत्रा ठोकणाऱ्याची जागा कापड कापून थर लावणाऱ्याने घेतली. त्याच वर्षी टेक्सास विद्यापीठात फॉर्म्युला एसएई ही विद्यार्थ्यांनी गाडी बांधून पळवण्याची स्पर्धा सुरू झाली. ब्रिटनमध्ये 1998 पासून फॉर्म्युला स्टुडंट आहे. आज नवखा उमेदवार घेताना, त्याने अशी गाडी बांधली आहे का, हे हमखास बघतात. मला हे गुणपत्रिकेपेक्षा रास्त वाटतं. रात्री अकरा वाजता न बसणारा ब्रॅकेट त्याने हाताळलेला असतो.

1981 साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवं. बेल्जियममधल्या झोल्डरची पिट लेन अरुंद होती. सरावाच्या वेळी एक मेकॅनिक भिंतीवरून तोल जाऊन येणाऱ्या गाडीसमोर पडला आणि नंतर दगावला. शर्यतीच्या दिवशी मेकॅनिकांनी निषेध केला. त्या गोंधळातच सुरुवातीला एका गाडीचं इंजिन बंद पडलं. ते चालू करायला तिचा मेकॅनिक भिंत ओलांडून गाडीमागे गेला, तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि मागून आलेली गाडी त्याच्यावर आदळली. ती त्याच्याच संघाची होती. तो वाचला. चालकांच्या सुरक्षेचा इतिहास सगळे सांगतात, मेकॅनिकांच्या सुरक्षेचा क्वचितच कुणी.

पिटमधलं काम त्यानंतर नियमांनी घडवलं. 1982 मध्ये ब्रॅबम संघाचे रचनाकार गॉर्डन मरी यांनी अर्धी टाकी भरून सुरुवात करायची आणि मध्येच इंधन घ्यायचं ही चाल आणली. 1984 मध्ये तिच्यावर बंदी, 1994 मध्ये परत मुभा, 2010 पासून पुन्हा बंदी. इंधन गेल्यावर थांब्याचा वेळ म्हणजे निव्वळ चाकं बदलण्याचा वेळ झाला. वीसेक माणसं, प्रत्येक चाकाला तिघं: एक चाकाचा नट काढण्या-घालण्याची व्हील गन धरणारा, एक जुनं चाक ओढणारा, एक नवं बसवणारा. 2023 मध्ये कतारला मॅकलॅरेनने हे 1.80 सेकंदांत केलं. ही माणसं फक्त याच कामासाठी नसतात. एरवी तीच गाडी खोलतात आणि जोडतात. 2011 पर्यंत ती रात्रभर जागूनही हे करत. त्या वर्षी रात्री ट्रॅकवर थांबण्यावर निर्बंध आले.

दरम्यान टेलिमेट्री, म्हणजे धावत्या गाडीतून आकडे बिनतारी पाठवण्याची सोय, आली आणि गाडीवरच्या शेकडो सेन्सरचे आकडे वाचणारी माणसं लागली. 2002 मध्ये पिटमधून धावत्या गाडीची मांडणी बदलायचीही मुभा होती; 2003 मध्ये ती काढून घेतली. आता कारखान्यातल्या खोलीत बसलेले इंजिनिअर शेकडो मैलांवरच्या शर्यतीचा डाव आखायला हातभार लावतात. चालकाशी बोलणारा मुख्य आवाज मात्र रेस इंजिनिअरचाच, म्हणजे त्या एका गाडीची जबाबदारी असलेल्या इंजिनिअरचा. 2011 मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आउडीच्या तीनपैकी दोन गाड्या अपघातात गेल्या. उरलेल्या गाडीच्या रेस इंजिनिअर भारतीय वंशाच्या लीना गाडे होत्या. चोवीस तासांनंतर ती गाडी चौदा सेकंदांहून कमी फरकाने जिंकली. रेस इंजिनिअर म्हणून ही शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. फॉर्म्युला वनमध्ये पूर्णवेळ रेस इंजिनिअर स्त्री यायला 2025 उजाडलं: हास संघाच्या लॉरा म्युलर.

2021 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये वर्षाला 14.5 कोटी डॉलरची खर्चमर्यादा आली. चालकांचे पगार आणि सर्वाधिक पगाराची तीन माणसं तिच्या बाहेर. बाकीच्यांचे पगार तिच्या आत. मोठ्या संघांना माणसं कमी करावी लागली किंवा दुसऱ्या कामांकडे वळवावी लागली. मर्सिडीज आणि रेड बुलच्या तंत्र विभागांनी अमेरिकाज कप या नौकाशर्यतीसाठी शिडाच्या होड्या आखायला घेतल्या. चालकाशेजारी बसून हाताने तेलाचा पंप मारणाऱ्या माणसाचे काही वारस आता होडीला पाण्यावर उचलणाऱ्या पात्याचा आकार ठरवत होते.